विषाणूचे शर्कराकवच आणि लशीची खरी किंमत

लस म्हणजे शरीराला शत्रूची आगाऊ करून दिलेली ओळख, अशी आपली साधी समजूत आहे. परंतु शत्रू जर आपल्याच वेषात वावरू लागला, तर ती ओळख पटावी कशी? विषाणू आपली प्रथिने आपल्याच पेशींकडून घडवून घेतो आणि पेशी त्यांवर स्वतःच्या शर्करांच्या साखळ्या चढवितात. एड्सच्या विषाणूवरील बाह्य प्रथिनाचे सुमारे निम्मे वजन या शर्करांचेच असते. हा विषाणू १९८३ साली सापडला. तरीही त्यावरील लस आजतागायत हाती आलेली नाही. या अपयशात त्या कवचाचा वाटा मोठा आहे.

हा प्रश्न केवळ जीवशास्त्राचा नाही. तो उत्पादनतंत्राचा, म्हणून अर्थशास्त्राचाही आहे. इन्फ्लुएंझाची बहुतेक लस अद्याप कोंबडीच्या अंड्यांत तयार होते. तंत्र जुने, कारखाने उभे, खर्च बेताचा. २०१४-१५ च्या हंगामात एच३एन२ या जातीच्या विषाणूने आपल्या प्रथिनावर एका नव्या जागी शर्करा धारण केली. २०१६-१७ च्या लशीसाठी तसाच विषाणू निवडला गेला. परंतु अंड्यात वाढताना त्यात बदल होऊन नेमकी तीच शर्करा नाहीशी झाली. या लशीमुळे निर्माण होणारी प्रतिपिंडे बाहेर फिरणाऱ्या विषाणूपुढे दुबळी ठरतात, हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले. कीटकपेशींत बनविलेली, ती शर्करा राखणारी लस अधिक प्रभावी प्रतिपिंडे निर्माण करीत होती.

मग प्रत्येक लस महागड्या तंत्रानेच बनवावी काय? तसेही नाही. यकृतदाहाच्या ‘ब’ विषाणूवरील लस यीस्टमध्ये बनते. तिच्या प्रथिनावर मानवी पेशीतील शर्करा नसतात, तरीही ती उत्तम संरक्षण देते. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने ती स्वस्तात बाजारात आणली आणि सामान्य कुटुंबांना तिचा लाभ घेता येऊ लागला.

तेव्हा शर्करा कोठे अपरिहार्य आणि कोठे अनावश्यक, हे आधी जाणून घेतले पाहिजे. ते ज्ञान प्रयोगशाळेतच मिळते. अशा मूलभूत संशोधनावरील खर्चाला चैन म्हणणे हा अदूरदर्शीपणा होय. लशीची किंमत कुपीमागे मोजून भागणार नाही. ती रोगापासून वाचलेल्या माणसामागे मोजावयास हवी. या हिशेबात निष्प्रभ लस कितीही स्वस्त असली तरी महागच ठरते.