शिलावर्तुळे, विदर्भातील
मृताच्या अवशेषांभोवती मोठे दगड वर्तुळाकार मांडून व मध्ये माती-गोट्यांचा ढीग रचून केलेली महापाषाण संस्कृतीची दफने. पश्चिम यूरोपातील कोष्ठयुक्त थडगी नवाश्मयुगीन आहेत, ही वर्तुळे मात्र लोहयुगातील (इ. स. पू. पहिले सहस्रक) असून त्यांत बहुधा दगडी कोष्ठ आढळत नाही. नागपूरजवळील जुनापाणी येथे सु. ३०० वर्तुळे असून काही शिलांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. तेथे रिव्हेट-कार्नॅक यांनी एकोणिसाव्या शतकात, तर बा. कृ. थापर यांनी १९६१-६२ मध्ये उत्खनन केले. पुढे शां. भा. देव प्रभृतींनी टाकळघाट-खापा, माहुरझरी व नैकुंड येथे उत्खनने केली. दफनांत काळी-तांबडी मृत्पात्रे, लोखंडी कुऱ्हाडी व खंजीर, तसेच घोड्यांचे अवशेष व त्यांचे तांब्याचे शिरोभूषण सापडले. मानवी अस्थी पुष्कळदा त्रुटित असल्याने काही दफने दुय्यम स्वरूपाची मानतात. हे लोक केवळ भटके नव्हते, हे टाकळघाटची वस्ती व नैकुंडची लोह गाळण्याची भट्टी यांवरून दिसते. दगड, अस्थी व वस्तू यांची परस्परसापेक्ष मांडणी हाच येथील मुख्य पुरावा होय; शेती वा बांधकामासाठी दगड हलविल्यास तो कायमचा नष्ट होतो.