बोराची आठळी आणि बिचारी शेळी

आष्टीच्या माळावर गावठी बोरींना तोटा नाही आणि शेळ्यांनाही. त्यामुळंच असेल, पण बोर लावायचा विषय निघाला की कुणीतरी ठामपणे सांगतोच, "शेळीच्या पोटातून गेल्याशिवाय आठळी उगवत नाही." पारावर ऐकलं, पंगतीत ऐकलं, ते एक वेळ ठीक. रोपवाटिकेतही हेच ऐकल्यावर काय बोलावं? मग कलमाच्या खुंटांसाठी आधी शेळ्यांचा कळप पाळायचा का?

सकाळी गोठा झाडताना नीट बघा. बोरं खाल्लेल्या शेळीनं रात्री रवंथ करताना थुंकलेल्या आठळ्या लेंड्यांपासून वेगळ्या पडलेल्या असतात, गर निघून स्वच्छ झालेल्या. म्हणजे बऱ्याचशा आतड्यापर्यंत पोचतच नाहीत. मोरोक्कोत अर्गनच्या झाडांवर चढणाऱ्या शेळ्याही असंच करतात, हे स्पॅनिश संशोधकांनी 2017 साली मांडलं. शेळी गर काढते, आठळी लांब नेऊन टाकते. हे उपकार मोठेच, पण उगवण तिच्यावाचून अडत नाही.

अडवतं ते कवच. ते बीचं नव्हे, फळाचं आहे: गराच्या आतला लाकडासारखा थर. त्यात बहुधा दोन बिया. बोरं पिकतात संक्रांतीच्या आगेमागे. पडल्या पडल्या बी उगवलं असतं तर वैशाखात रोप करपलंच असतं. कवच भिजतं, सुकतं, कुजून सैल होतं, तेव्हा कुठं कोंब ते उकलून बाहेर पडतो. तेही सगळ्या आठळ्यांचं एकदम नाही, मागंपुढं. पहिल्या पावसानं दगा दिला तरी काही शिल्लक राहतात. पेरलेल्या अख्ख्या आठळीला साधारण तीन-चार आठवडे लागतात. अलगद फोडून आतलं बी पेरलं तर आठवडाभर पुरतो. यात शेळी कुठं आली?

"मग डोडोचं काय?" हा शिकलेल्यांचा प्रश्न. 1977 साली स्टॅन्ली टेम्पल यांनी 'सायन्स'मध्ये लिहिलं की डोडो पक्षी संपल्यामुळं मॉरिशसचं तांबालाकोक झाड उगवेनासं झालं. पुरावा काय, तर डोडोऐवजी टर्कींना 17 आठळ्या चारल्या, त्यांतल्या तीन उगवल्या. न चारलेल्या आठळ्या तुलनेला लावल्याच नव्हत्या! विटमर आणि चीके यांनी 1991 साली हा दावा खोडून काढला. त्या आठळ्या कुणाच्या पोटात न जाताही उगवतात. डोडो मेला, त्याची गोष्ट काही मरत नाही.

बाकीचे प्रश्न किरकोळ. बाभळीचंही असंच? नाही, तिथं पाणी अडवतं ते बीचंच साल. गरम पाण्यानं काम भागतं. आठळी जोरात ठोकली की लवकर उगवते? घाव आत बसला की बीचा चुरा. मिठाच्या पाण्यावर तरंगणारी चांगली? उलट, ती पोकळ, टाकून द्या. निंबोळ्या पुढच्या वर्षी पेरू? कडुनिंबाचं बी तेवढं टिकत नाही, ताजंच लावा. आणि उमराण या कलमी बोराची आठळी लावून उमराणच मिळेल, याचीही खात्री नाही. त्यासाठी गावठी बोरीच्या खुंटावर डोळाच भरावा लागतो.