वहिनींची पालेभाजी

दादांच्या हृदयात कृत्रिम झडप बसली आणि आमच्या घरातून पालक, मेथी, चाकवत हद्दपार झाले. झडपेवर गुठळी धरू नये म्हणून त्यांना रोज वॉरफरिनची गोळी घ्यावी लागते आणि पालेभाजीतले ‘के’ जीवनसत्त्व त्या गोळीच्या उलट काम करते, एवढे वहिनींच्या कानी आले होते. पुढे भाऊबीजेला ताईकडे दादांनी पालकाची पातळ भाजी तीन वाट्या चापली, रात्री उरलेलीही संपवली! दोन दिवसांनी रक्त तपासले, तर ते फारच लवकर गोठत होते.

डॉक्टर वहिनींनाच म्हणाले, “भाजी तोडलीत, हीच चूक. गोळीचे माप बिनभाजीच्या जेवणावर ठरले, मग एकदम एवढी भाजी कशी सोसणार? रोज खाऊ द्या, पण सारखीच.”

या जीवनसत्त्वाचा शोध कोंबडीच्या पिलांमुळे लागला. कोपनहेगनला हेन्रिक डाम १९२९ च्या सुमारास पिलांना स्निग्धांशाविना वाढवीत होते. त्या पिलांना रक्तस्राव होऊ लागला. रक्त गोठवणारा जो घटक कमी पडत होता, त्याला डाम यांनी १९३५ साली ‘कोआगुलेशन’ शब्दातला ‘के’ दिला. वॉरफरिनची जन्मकथा त्याहून नवलाची. कुजक्या चाऱ्याने रक्त वाहून मरणाऱ्या अमेरिकन गुरांवरून कार्ल लिंक यांचे संशोधन सुरू झाले आणि १९४८ साली त्यातून निघालेले हे रसायन उंदरांचे विष म्हणून बाजारात आले. १९५५ साली हृदयविकाराचा झटका आलेल्या राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरना तेच औषध म्हणून दिले गेले!

पण ‘के’चे काम गुठळीपाशी संपत नाही. रोहिणीच्या भिंतीत चुना साचू न देणारे एक प्रथिन असते. ‘के’वाचून ते निकामी राहते. १९९७ साली हे प्रथिनच नसलेले उंदीर तयार केले, तेव्हा त्यांच्या रोहिण्या चुन्याने कडक झाल्या आणि ते दोन महिन्यांत दगावले.

मग गोळ्या घेऊन हृदय राखावे का? मला तरी घाई वाटते. महाधमनीच्या झडपेत चुना साचलेल्या डॅनिश पुरुषांना ‘के-२’ आणि ‘ड’ दोन वर्षे दिले. २०२२ साली निष्कर्ष आला, चुना साचणे काही मंदावले नाही. आणि वॉरफरिन घेणाऱ्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा गोळीला हातही लावू नये.

वहिनींनी आता भाजीची एक वाटी ठरवून टाकली आहे. दादा दुसरी मागतात. वहिनी झाकण ठेवतात.