‘वडील काय करतात?’ : मुलाखतीतील एका प्रश्नाची चिकित्सा

मुलाखत ही गुणवत्तेची कसोटी आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ही समजूत तपासून पाहिली पाहिजे. फलटणसारख्या तालुक्याच्या गावातून वाणिज्य किंवा अभियांत्रिकीची पदवी घेतलेली आपली मुले आज पुण्या-मुंबईच्या जोखीम-सल्लागार कंपन्यांच्या दारात उभी राहत आहेत. तेथे त्यांची पारख कशी होते, हे शिक्षकांनी व कार्यकर्त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

बँक, विमा कंपनी किंवा कारखाना यांना तोटा कोठून होऊ शकेल, हे आधी हेरून सांगणे हा या कंपन्यांचा धंदा. कर्ज बुडेल काय, हिशेबात अफरातफर होईल काय, कायदा कोठे मोडला जातो आहे, याची तपासणी करून त्या अहवाल देतात. त्यांची भरती टप्प्याटप्प्याने होते. अर्जांची छाननी, मग गणित, तर्क व इंग्रजीची चाचणी, काही ठिकाणी गटचर्चा आणि त्यानंतर विषयाची मुलाखत. तीत एखादे उदाहरण घालतात : माल मागवणारा, तो ताब्यात घेणारा आणि बिल मंजूर करणारा माणूस एकच असेल तर धोका कोणता? ज्याने गावच्या सोसायटीचा आणि रेशन दुकानाचा कारभार डोळ्यांनी पाहिला आहे, त्याला याचे उत्तर अवघड नाही.

अडचण येते ती शेवटच्या टप्प्यावर. तेथे वरिष्ठ अधिकारी मोकळेपणाने गप्पा मारतात. वडील काय करतात? घरी कोण शिकलेले आहे? हे आडनाव कुठले? या प्रश्नांना गुण नसतात, आणि तरीही उमेदवार ‘आपल्यात बसेल की नाही’ हे येथेच ठरते. वडील शेतमजुरी करतात किंवा आई नगरपालिकेत झाडू मारते, हे सांगताना मुलाचा आवाज क्षणभर खाली जातो. समोरच्या कागदावर शेरा पडतो : आत्मविश्वास कमी.

हा केवळ संशय नव्हे. सुरिंदर जोधका व कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातील २५ कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांशी बोलून २००७ साली निबंध प्रसिद्ध केला. आम्ही जात पाहत नाही, असे हे अधिकारी सांगत. कौटुंबिक पार्श्वभूमी मात्र आवर्जून विचारतो, हेही तेच सांगत. त्याच वर्षी सुखदेव थोरात व पॉल अॅटवेल यांचा अभ्यास आला. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले होते. सारख्याच पात्रतेच्या अर्जांत उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश भरली, मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. म्हणजे मुलाखतीच्या दारापर्यंत पोचण्याआधीच चाळणी लागलेली असते.

आपल्या जिल्ह्याला ही चौकशी जुनी आहे. १९०१ साली बालवयातील भीमराव भावाभाच्यांसह साताऱ्याहून निघून मसूर स्टेशनवर उतरले. नीटनेटके कपडे पाहून स्टेशनमास्तर आस्थेने विचारपूस करू लागला. जात कळताच त्याचा चेहरा पालटला, असे बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे. मुले तीच होती, कपडे तेच होते.

न्यायालयाने या प्रश्नाची दखल घेतली आहे. १९८१ च्या अजय हासिया खटल्यात श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशाचा वाद होता. दोन-तीन मिनिटांच्या मुलाखतीत फक्त पालक व राहण्याचे ठिकाण विचारून एक तृतीयांश गुण वाटले जात होते. प्रवेशाच्या मुलाखतीला १५ टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे मनमानीचे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, आणि मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात अशीही सूचना केली. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून खालच्या श्रेणीतील पदांच्या मुलाखती बंद केल्या. पण समतेची ही घटनात्मक बंधने प्रामुख्याने राज्यसंस्थेवर आहेत. खाजगी कंपनीला ना आरक्षण लागू, ना ही १५ टक्क्यांची मर्यादा.

मग करायचे काय? पहिले काम महाविद्यालयांचे. सराव-मुलाखतीत हे घरचे प्रश्न मुद्दाम विचारले जावेत. आईबापांच्या श्रमाविषयी ताठ मानेने बोलण्याची सवय वर्गातच लागली पाहिजे. दुसरे काम चळवळीचे. सर्व उमेदवारांना तेच प्रश्न विचारा, प्रत्येक उत्तराला ठरलेल्या निकषावर गुण द्या, गुण आधी लिहा आणि चर्चा मग करा, नाकारल्यास कारण नोंदवा, ही मागणी आपण सातत्याने मांडली पाहिजे. अशी आखीव मुलाखत गप्पांपेक्षा उमेदवाराच्या पुढील कामाचा अंदाज अधिक नीट देते, असा मानसशास्त्रीय संशोधनाचा निष्कर्ष आहे.

या मागणीत कंपन्यांना परके असे काहीच नाही. एकाच माणसाच्या मर्जीवर, नोंद न ठेवता निर्णय होऊ देऊ नका, हाच सल्ला त्या पैसे घेऊन दुसऱ्यांना देतात. तो सल्ला त्यांनी आपल्या मुलाखतीच्या खोलीतही पाळावा, एवढेच आपले म्हणणे आहे.