जंजिरा, खांदेरी, विजयदुर्ग: आरमारी राजकारणाविषयीचे काही गैरसमज

समुद्रावरचे राजकारण हा कोकणाचा विषय, मराठवाड्याचा त्याच्याशी काय संबंध, असे छत्रपती संभाजीनगरात पुष्कळांना वाटते. उस्मानपुऱ्यातून निघून अरबी समुद्र गाठायचा तर तीनशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता, मध्ये सह्याद्री. तेव्हा तसे वाटणे साहजिकच. पण हे शहर वसले ते निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्या हातून, १६१०मध्ये, खडकी या नावाने. तो मूळचा हबशी, आणि जंजिऱ्याचे सिद्दीही हबशीच, त्याच निजामशाहीचे सरदार. निजामशाही बुडाली, पुढे सिद्दी मोगलांच्या पदरी गेले आणि खडकीचे औरंगाबाद होऊन ते दख्खनच्या मोगली कारभाराचे ठाणे बनले.

१६८१च्या अखेरीस संभाजी महाराजांनी जंजिऱ्याला वेढा घातला. किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत दगडांची भर टाकत पाण्यातून वाट काढण्याचे काम सुरू झाले. तेवढ्यात, जानेवारी १६८२मध्ये, हसन अली खानाची फौज घाट उतरून कल्याणच्या मुलखात शिरली आणि महाराजांना वेढ्यावरून तिकडे धावावे लागले. पाण्यातला किल्ला वाचला तो घाटावरून आलेल्या मोगली फौजेमुळे. त्याच वर्षी मार्चमध्ये औरंगजेब स्वतः या शहरात येऊन दाखल झाला.

मोगलांना आरमार नव्हते, असेही सर्रास सांगितले जाते. त्यांचा जीव सुरतेच्या व्यापारात आणि हजला जाणाऱ्या जहाजांत अडकलेला होता, आणि पश्चिम किनाऱ्यावर त्या जहाजांची राखण सिद्दीकडे होती. त्याबद्दल त्याला सुरतेच्या महसुलातून पैसा मिळे. म्हणजे आरमार होते, पण ते दुसऱ्याच्या हातून चालत होते. प्रस्थापित सत्तेची ही सोय फार मोलाची होती आणि तितकीच धोक्याचीही.

खरी कोंडी झाली मुंबईकर इंग्रजांची. १६७०च्या दशकात सिद्दीचे आरमार पावसाळ्यात मुंबईच्या आसऱ्याला येई, माझगावला मुक्काम ठोकी. नाही म्हणावे तर सुरतेतल्या वखारीवर मोगलांची मर्जी खप्पा होणार. हो म्हणावे तर समोरच्या किनाऱ्यावरचे शिवाजी महाराज संतापणार. १६७४मध्ये राज्याभिषेकाला आलेल्या हेन्री ऑक्झेंडनने महाराजांशी तह केला, राजापूरच्या इंग्रज वखारीच्या लुटीची भरपाई मागितली आणि सिद्दीशी सलोखा करण्याची गळही घातली. सिद्दीबाबतचे म्हणणे महाराजांनी मान्य केले नाही. ही कोंडी जुनी झालेली नाही. ऑगस्ट २०२२मध्ये ‘युआन वांग ५’ हे चिनी जहाज भारताचा आक्षेप असताना हंबनटोटा बंदरात आले, तेव्हा श्रीलंकेची स्थिती नेमकी अशीच होती. तिने आधी भेट लांबणीवर टाकायला सांगितले, मग परवानगी दिली, आणि २०२४साठी परदेशी संशोधन जहाजांवर वर्षभराची बंदीच घातली. बंदर ज्याच्या हातात असते त्यालाही दोन मोठ्यांच्या मधे उभे राहावे लागते.

आरमारी ताकद म्हणजे मोठी जहाजे आणि जास्त तोफा, हा समज खांदेरीने खोटा पाडला. मुंबईच्या तोंडाशी असलेल्या या ओसाड बेटावर १६७९च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडारीच्या देखरेखीखाली तटबंदीचे काम सुरू झाले. इंग्रजांनी बेटावर हक्क सांगितला, जहाजे आणून वेढा दिला. १८ ऑक्टोबरला मराठ्यांच्या लहान, चपळ गलबतांनी हल्ला चढवला. इंग्रजांचे ‘डव्ह’ हे गुराब मराठ्यांच्या हाती लागले. ‘रिव्हेंज’ या मोठ्या जहाजाने मात्र मारा करून मराठ्यांना मागे रेटले, त्यामुळे समुद्रावरचा त्या दिवसाचा निकाल एकतर्फी म्हणता येत नाही. तरीही बेटावरचे काम थांबले नाही. रात्रीच्या अंधारात उथळ पाण्यातून रसद पोचतच राहिली. वेढ्याचा खर्च ईस्ट इंडिया कंपनीला जड होऊ लागला आणि जानेवारी १६८०मध्ये तिने तडजोड करून माघार घेतली. सिद्दीने लगोलग शेजारची उंदेरी बळकावून तिथे तट उभारला. दोन बेटे आजही समोरासमोर आहेत.

कान्होजी आंग्रे चाचे होते, हा शिक्का इंग्रजी कागदांनी मारला आणि तो फार काळ टिकला. कान्होजी छत्रपतींचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते. आपल्या पाण्यातून जाणाऱ्या व्यापाऱ्याने दस्तक घ्यावे, न घेतल्यास जहाज जप्त व्हावे, हा त्यांचा नियम. पोर्तुगीज हेच काम दोनशे वर्षे ‘कार्ताझ’ नावाच्या परवान्याने करत आले होते, आणि त्यांना कुणी चाचे म्हटले नाही. कंपनीचा आक्षेप तत्त्वाचा कमी आणि आपल्या निशाणाखाली माल नेणाऱ्या व्यापाऱ्यांना वाचवण्याचा जास्त होता. डिसेंबर १७२१मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले. हल्ला फसला, पहिले बाजीराव मदतीला पोचले आणि जानेवारीत पोर्तुगिजांनी मराठ्यांशी वेगळा तह करून टाकला. मित्र फोडणे ही तिथे मोठी कमाई ठरली.

सर्वांत वेदनादायक गैरसमज १७५६चा. आंग्ऱ्यांचे आरमार इंग्रजांनी जाळले, हे खरे; पण अर्धेच. कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांचा बंदोबस्त करण्यासाठी नानासाहेब पेशव्यांनी आदल्या वर्षीच कंपनीशी करार केला होता. सुवर्णदुर्ग १७५५मध्ये कमोडोर जेम्सने घेतला. पुढच्या फेब्रुवारीत अ‍ॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले, बंदरातले आरमार आगीत संपले. मग इंग्रज किल्ला सोडायलाच तयार होईनात. बाणकोट पदरात पाडून घेऊनच, ऑक्टोबरच्या तहानुसार, त्यांनी तो पेशव्यांना दिला. पुण्याचा राग समजण्यासारखा होता, तुळाजींचे वर्तनही बेबंद होते. तरी घरातल्या भांडणासाठी चढत्या परकीय सत्तेच्या तोफा बोलावण्याची किंमत किती मोठी होती, याची नोंद मराठी इतिहासाने अजून पुरेशा स्पष्टपणे घेतलेली नाही.

मराठी आरमार मात्र तिथेच संपले असे नाही. पेशव्यांचे आरमार आनंदराव धुळपांच्या हाताखाली विजयदुर्गातूनच चालत राहिले. ८ एप्रिल १७८३ रोजी त्यांनी ‘रेंजर’सह इंग्रजांची जहाजे हातघाईच्या लढाईत पकडली. पण तोवर इंग्रज आणि मराठ्यांमधला सालबाईचा तह झालेला होता. कंपनीने तहाचा भंग झाल्याची तक्रार केली आणि समुद्रावर जिंकलेली ती जहाजे वाटाघाटीत परत द्यावी लागली.