दुर्बल विद्यार्थी की अवघड विषय?

प्रथम वर्षाच्या पहिल्या सत्राचा निकाल लागला की बहुतेक महाविद्यालयांत एक ठरावीक उपचार पार पडतो. अनुत्तीर्णांची यादी तयार होते, अभ्यासात मागे पडलेल्यांसाठी जादा तासांची सूचना फलकावर लागते आणि त्या तासांना यादीतील चार-दोनच विद्यार्थी येतात. हजेरीपत्रक दप्तरी दाखल होते. विद्यार्थ्यांना शिकण्याची आस्थाच उरलेली नाही, असा निष्कर्ष काढून प्राध्यापक-कक्षातील चर्चाही संपते. वस्तुतः हा निष्कर्ष उतावीळपणाचा आहे.

न येणाऱ्या विद्यार्थ्याची बाजू समजून घेतली पाहिजे. बल, संवेग, त्वरण या शब्दांतून ज्याने दहावीपर्यंत भौतिकशास्त्र जाणले, त्याच्यापुढे अकरावीपासून त्याच कल्पना इंग्रजी नावांनी आणि इंग्रजी वाक्यांतून येतात. पुष्कळदा विषय त्याला उमगलेला असतो. हरवलेली असते ती भाषा. शंभर-सव्वाशे मुलांच्या वर्गात उभे राहून मोडक्या इंग्रजीत शंका विचारण्याचे धैर्य त्याला होत नाही. घरातला तो पहिलाच पदवीचा विद्यार्थी असेल, तर घरी विचारावे असेही कोणी नसते. ऐपत असेल तो खाजगी क्लासची वाट धरतो. नसेल तो गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच यांच्या आधाराने ए.टी.के.टी.च्या काठाकाठाने चालत राहतो. अशा मुलाचे नाव 'कच्चा' म्हणून फलकावर लागले, तर जादा तासाकडे त्याचे पाऊल वळणार कसे?

गरजू विद्यार्थ्याला हात देण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय उभे केले, ते 'कमवा व शिका' या तत्त्वावर. पुण्याची विद्यार्थी सहायक समिती १९५५ पासून ग्रामीण विद्यार्थ्यांच्या निवासाची सोय पाहत आली आहे. राहणे, जेवणे आणि शुल्क यांची चिंता समाजाने अशी वाहिली. परंतु वर्गात न समजलेले समजावून देण्याचे काम मात्र हळूहळू बाजाराच्या हवाली झाले. राधाकृष्णन आयोगाने १९४८-४९ मध्येच व्याख्यानांना लहान गटांतील मार्गदर्शनाची जोड देण्याची शिफारस केली होती. आज अनेक ठिकाणी ती वेळापत्रकातील एका चौकोनापुरती उरली आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने पुढे मागास व अल्पसंख्याक समाजांतील विद्यार्थ्यांसाठी उपचारात्मक अध्यापनाची योजना राबविली. तिचा हेतू निःसंशय योग्य होता. तथापि जी मदत घेण्यापूर्वी विद्यार्थ्याला आपले उणेपण जाहीर करावे लागते, ती मदत स्वाभिमानी मूल टाळते, हा मनुष्यस्वभाव आहे. अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील शाखेत १९७३ साली डिॲना मार्टिन यांनी याच प्रश्नाची मांडणी उलटी केली. त्यांनी दुर्बल विद्यार्थी शोधले नाहीत. अवघड विषय शोधले. ज्या विषयांत मोठ्या संख्येने विद्यार्थी गळतात, त्या विषयांसाठी पहिल्या आठवड्यापासूनच सर्वांना खुली अभ्यासमंडळे सुरू झाली. तो विषय आधी उत्तम रीतीने उत्तीर्ण झालेला विद्यार्थी पुन्हा त्याच व्याख्यानांना बसतो आणि नंतर गट चालवितो. तो व्याख्यान देत नाही. टिपणे ताडून पाहणे, उदाहरणे सोडविणे, एकमेकांना प्रश्न विचारणे, हे त्या गटाचे काम. हुशार विद्यार्थीही तेथे येत असल्यामुळे येण्यात कमीपणा राहत नाही. ही पद्धत पुढे अनेक देशांतील विद्यापीठांनी स्वीकारली.

आपल्याकडे हे करावयाचे तर एक अप्रिय सत्य मान्य करावे लागेल. महाविद्यालयांतील अध्यापनाचा मोठा भार आज तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर आहे. त्यांना मोबदला मिळतो तो घेतलेल्या तासांचा. तास संपल्यावर शंकानिरसनासाठी थांबलेल्या अर्ध्या तासाचा हिशेब कोठेच होत नाही, आणि पुष्कळांना पोटासाठी दुसरे महाविद्यालय गाठावयाचे असते. अशा अध्यापकाला विद्यार्थ्यांविषयीच्या तळमळीचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा होय. मार्गदर्शनाचा तास हाही अध्यापनाचाच तास मानून त्याचा मोबदला दिला गेला पाहिजे.

विद्यार्थी-मार्गदर्शकांसाठी तर नवी यंत्रणाही लागणार नाही. 'कमवा व शिका' योजनेत जो विद्यार्थी ग्रंथालयात पुस्तके लावतो किंवा बागेला पाणी घालतो, त्यालाच प्रथम वर्षाच्या अभ्यासमंडळाचे काम का देऊ नये? त्याला चार पैसे मिळतील, त्याचा विषय पक्का होईल आणि धाकट्या विद्यार्थ्याला आपल्याच बोलीत समजावणारा कोणी भेटेल. मात्र हे तास वेळापत्रकाच्या आतच हवेत, गावाकडची एस.टी. गाठणाऱ्या मुलांना सायंकाळचे वर्ग उपयोगाचे नाहीत.

'स्वयम्' या शासकीय संकेतस्थळावर २०१७ पासून उत्तम व्याख्याने विनामूल्य उपलब्ध आहेत, मग वेगळ्या खटाटोपाची गरज काय, असे कोणी म्हणेल. ध्वनिचित्रित व्याख्यान दहा वेळा ऐकता येते, हे खरे. पण ऐकणाऱ्याच्या कपाळावरची आठी त्याला दिसत नाही. नेमके काय समजले नाही, हेच ज्याला सांगता येत नाही, त्याच्यासमोर माणूसच बसावा लागतो.

प्रवेश देणे म्हणजे केवळ हजेरीपटावर नाव चढविणे नव्हे. ज्याला आत घेतले, त्याला पैलतीरी नेण्याचा प्रयत्न करण्याची हमी त्यात अनुस्यूत असते. ती हमी क्लासचे शुल्क भरू शकणाऱ्यांपुरतीच खरी ठरणार असेल, तर महाविद्यालयाचे दार सर्वांना खुले आहे, या म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही.