अपंगत्वाचा जमाखर्च (भाग ६) : खाटेला पाच लाख, घराला काही नाही

माझ्या मावसभावाच्या घरी दाराआडच्या खिळ्याला एक शंभरपानी वही टांगलेली असते. नऊ वर्षांपूर्वी चिंचा झोडपताना तो झाडावरून पडला, मणका मोडला, कमरेखालची जाणीव कायमची गेली. तेव्हापासून वहिनी त्या वहीत फक्त त्याचा खर्च लिहितात. घरखर्चाची वही वेगळी. लघवीच्या नळ्या, जेली, युरोबॅग, डायपर, पाय ताठरू नयेत म्हणून गोळ्या, पोट साफ व्हायचे औषध, गॉज-पट्टी, तालुक्याला जायला रिक्षा. प्रत्येक महिन्याचे पान जवळपास सारखेच. भाऊ धडधाकट असतो, ताप नाही, जखम नाही, त्या महिन्याचाही खर्च तेवढाच. हा आजारपणाचा खर्च नाही, आजारी न पडण्याचा आहे.

मागच्या आठवड्यात आपण अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड कसे मिळते ते पाहिले. आज त्या कार्डाच्या आधारावर येणारे पैसे आणि औषधपाण्याचा खर्च समोरासमोर ठेवू.

महाराष्ट्रात गरीब दिव्यांगाला दरमहा मिळणारी मुख्य रक्कम संजय गांधी निराधार अनुदान योजनेची. गावाकडे तिला ‘संजय गांधीचा पगार’ म्हणतात. १९८० साली सुरू झालेली ही योजना निराधार, विधवा, दुर्धर आजाराचे रुग्ण आणि किमान ४० टक्के अपंगत्व असलेले अशा सगळ्यांना एकाच छत्राखाली घेते. २०१९ मध्ये रक्कम हजार रुपये झाली, २०२३ मध्ये दीड हजार. जून २०२५ मध्ये बच्चू कडूंनी अमरावती जिल्ह्यातल्या गुरुकुंज मोझरीला अन्नत्याग केला, तेव्हा दिव्यांगांसाठी मागणी होती सहा हजारांची. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दिव्यांगांची रक्कम अडीच हजार केली. यात केंद्राचा वाटा मिळतो तो दारिद्र्यरेषेखालच्या आणि ८० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांपुरता, महिना ३०० रुपये. ही ३०० ची रक्कम २०१२ पासून हललेली नाही.

आता वहीतली एकच ओळ घेऊ. लघवी काढायची नळी एकदा वापरून टाकावी, असे डॉक्टर सांगतात. धुऊन पुन्हा वापरली तर जंतुसंसर्गाची भीती. दिवसाला चार नळ्या म्हणजे महिन्याला १२०. एक नळी २० रुपयांना पडते असे धरले, तर २,४०० रुपये झाले. अडीच हजारांतले शंभर उरले. म्हणून माझा भाऊ दिवसभर एकच नळी धुऊन-पुसून वापरतो आणि वर्षातून दोन-तीनदा थंडी वाजून तापतो. त्याला हलगर्जी म्हणणाऱ्या माणसाने आधी ही वही उघडावी.

हे पैसे मिळवायचे तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न किती असावे? दिव्यांगांसाठी मर्यादा ५० हजार रुपये. इतर लाभार्थ्यांना तर २१ हजारच. २०२५-२६ साली राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे घरातल्या एकाच माणसाने वर्षात १६१ दिवस रोजगार हमीच्या दराने काम केले, तर कुटुंब मर्यादेच्या वर जाते. नवऱ्याच्या नळ्यांसाठी बायकोने जास्त दिवस मजुरी करायची आणि त्याच मजुरीमुळे नवऱ्याचा पगार धोक्यात आणायचा, असा हा पेच आहे. उत्पन्नाच्या दाखल्यावर काय आकडा येईल याची धाकधूक अशा घरांना दरवर्षी असते. तहसील कचेरीतल्या संजय गांधी शाखेच्या बाकावर अर्धा तास बसलात तर हेच बोलणे कानावर येईल.

विशेष म्हणजे याच राज्यात गरीब ठरवण्याचे दुसरे मापही आहे. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ अअ खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही योजना आखून दिली. तिथे निर्धन कुटुंबाची मर्यादा आहे १ लाख ८० हजार, दुर्बल घटकाची ३ लाख ६० हजार. उपचाराच्या दारात जो निर्धन आहे, तो अनुदानाच्या दारात सुखवस्तू कसा ठरतो? ५० हजारांची मर्यादा किमान १ लाख ८० हजारांवर नेली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण मुळातला दोष रकमेपेक्षाही खोल आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. आज आयुष्मान भारतच्या जोडीने तिच्यात कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. लाखो घरे या योजनेने कर्जातून वाचवली आहेत, हे मी मनापासून मानतो. मात्र ती खाटेची योजना आहे. रुग्ण दाखल झाला, आजार यादीत बसला, आरोग्यमित्राने कागद पुढे पाठवले, की पैसा वाहतो. घरी सोडल्यानंतर फुले योजनेत दहा दिवसांची औषधे मिळतात. मोडलेल्या मणक्याला दहा दिवस कुठे पुरणार?

शय्याव्रणाचे उदाहरण घ्या. कमरेखाली जाणीव नसलेल्या माणसाला एकाच जागी दाब पडून कातडी मरते आणि त्याला ते कळतही नाही. दर दोन तासांनी कूस बदलणे, चांगली गादी, खुर्चीवर योग्य उशी, रोज कातडी तपासणे हा त्यावरचा उपाय. एअर बेड आणि उशी लागते काही हजारांची. ती नसेल तर माकडहाडापाशी लाल डाग येतो, मग खड्डा पडतो, मग हाड दिसते. त्या टप्प्याला माणूस दाखल होतो, शस्त्रक्रिया होते, दोन-तीन महिने जातात आणि बायकोची मजुरी बुडते. उपचार यादीत बसले तर या टप्प्यावर योजना लाखभर रुपये मोजायला तयार असते. गादीसाठी मात्र तिच्यात ओळच नाही. माझ्या भावाला २०२१ मध्ये असा खड्डा पडला. त्या तीन महिन्यांत घरातल्या दोन शेळ्या गेल्या.

सरकारी दवाखान्यात तर सगळे मोफत आहे, असे कोणी म्हणेल. खरेच आहे, १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून उपचारांपर्यंत पैसे घेतले जात नाहीत. पण भावाचा अनुभव असा की गोळ्या मिळतात, नळ्या कधी असतात, कधी बाहेरची चिठ्ठी मिळते. शिवाय व्हीलचेअर बसेल अशी रिक्षा करून जायचे-यायचे, सोबत वहिनींचा एक रोज बुडवायचा. एसटीत दिव्यांगाला ७५ टक्के सवलत आहे, पण एसटीच्या तीन उंच पायऱ्या त्याला चढता येत नाहीत.

आता कायदा काय म्हणतो ते नीट वाचू, कारण इथे आपली बाजू भक्कम आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये कलम २४ सामाजिक सुरक्षेचे आहे. त्यात निवृत्तिवेतन वेगळे लिहिले आहे. साधने, औषधे, तपासण्या आणि सुधारक शस्त्रक्रिया ठरलेल्या उत्पन्नमर्यादेतल्यांना मोफत, हे वेगळे लिहिले आहे. जास्त आधार लागणाऱ्यांसाठी मदतनीस भत्ता आणि इतर विमा नसलेल्यांसाठी सर्वंकष विमा, हेही वेगळे. म्हणजे पगार हा जेवणाखाण्याचा, त्यातून औषधे भागवायची नाहीत, हे संसदेने २०१६ मध्येच मान्य केले. इतरांच्या तशाच योजनेपेक्षा दिव्यांगाला किमान २५ टक्के जास्त द्या, हेही याच कलमात आहे. विधवेला आणि दिव्यांगाला सारखेच दीड हजार मिळत होते, त्या काळात दिव्यांगाचे १,८७५ व्हायला हवे होते. ते कधी झाले नाहीत. मात्र कलमाच्या सुरुवातीलाच शासनाच्या ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशी अट आहे आणि सगळी वचने त्या अटीपाशी अडकून पडतात.

घरच्या खर्चाला विमा देता येत नाही, असेही नाही. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ योजना ते वर्षानुवर्षे करते आहे. वर्षाला एक लाखापर्यंतचे संरक्षण, त्यात दाखल न होता घेतलेले उपचार, औषधे, नियमित थेरपी, प्रवासखर्चसुद्धा; आधीपासूनचे अपंगत्व आड येत नाही, वैद्यकीय तपासणीची अट नाही. आधी खर्च करून मग बिले पाठवायची, ही तिची मोठी अडचण. पण ती फक्त स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. मणका मोडलेला, सिकलसेलचा, हिमोफिलियाचा रुग्ण निरामयच्या दारातून परत फिरतो. निरामय सर्व २१ प्रकारांना खुली करणे आणि बिलांऐवजी थेट औषध दुकानातून सामान देणे, एवढे केले तरी वहिनींच्या वहीतल्या निम्म्या ओळी पुसल्या जातील.

हे होईल तेव्हा होईल. तोवर हाताशी एक गोष्ट आहे आणि ती फार थोडे लोक मागतात. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका या सर्वांनी स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. एअर बेड, खुर्चीची उशी, व्हीलचेअर यांसाठी त्या निधीतून मदत मागा. ग्रामसेवकाकडे लेखी अर्ज द्या, पोचपावती घ्या, सोबत यूडीआयडी कार्डाची प्रत जोडा. गेल्या तीन वर्षांत हे पाच टक्के किती होते आणि कशावर खर्च झाले, हे ग्रामसभेत विचारा. दिव्यांग माणसाला सभेपर्यंत जाता येत नसेल तर शेजाऱ्याने उठून विचारावे. माझ्या भावाची गादी गेल्या वर्षी अशीच आली. प्रश्न विचारायला उठले होते त्याचे शाळेतले गुरुजी.

पुढच्या आठवड्यात मदतनीस भत्त्याविषयी.